निरोगी माणसाची तपासणी : लाभ आणि मर्यादा

आजारी माणसाने वैद्याच्या दारी जावे, ही रीत फार जुनी आहे. ज्वर चढला, डोळा दुखू लागला, धाप लागू लागली, म्हणजे रुग्ण दवाखान्याची पायरी चढतो आणि डॉक्टर यथाशक्ती उपाय करतात. विसाव्या शतकात या रीतीला दुसऱ्या एका रीतीची जोड मिळाली. ज्याला काहीही होत नाही, जो शेतात, कचेरीत किंवा शाळेत आपले काम नित्याप्रमाणे करीत आहे, अशा माणसाला बोलावून त्याचा रक्तदाब मोजावयाचा, रक्त तपासावयाचे, डोळे पाहावयाचे आणि शरीरात एखादा रोग लपून बसला आहे काय याचा शोध घ्यावयाचा, अशी ही दुसरी रीत आहे. गावोगावची तपासणी शिबिरे, शाळांतील आरोग्य तपासणी आणि उपकेंद्रांत तिशीवरील स्त्री-पुरुषांची होणारी तपासणी ही सारी तिचीच रूपे होत.

रोग लवकर सापडला तर तो लवकर बरा होतो, हे म्हणणे ऐकताक्षणीच पटते. काही रोगांच्या बाबतीत ते पूर्णपणे खरे आहे. काहींच्या बाबतीत ते अर्धेच खरे आहे आणि काहींच्या बाबतीत तर अशा शोधाने लाभाऐवजी अपायच झाल्याची उदाहरणे आहेत. आजारी माणूस आपण होऊन डॉक्टरांकडे येतो. निरोगी माणसाला मात्र बोलावणे धाडलेले असते. त्यामुळे त्याच्या हिताची जबाबदारी बोलावणाऱ्याकडे अधिक येते. हैदराबाद शहर, तेलंगण राज्य आणि एकेकाळी हैदराबाद संस्थानाचा भाग असलेला मराठवाडा, या प्रदेशांत गेल्या तीस वर्षांत आलेले अनुभव या प्रश्नाच्या दोन्ही बाजूंवर चांगला प्रकाश टाकतात.

तपासणी आणि निदान

प्रथम एक भेद समजून घेणे आवश्यक आहे. शिबिरात होणारी तपासणी म्हणजे निदान नव्हे. ती एक चाळणी असते. धान्य चाळताना खडे आणि दाणे वेगळे व्हावेत, अशी अपेक्षा असते. परंतु चाळणीची छिद्रे मोठी असली तर दाण्यांबरोबर काही खडेही खाली पडतात आणि छिद्रे लहान असली तर खड्यांबरोबर चांगले दाणेही वर अडकून राहतात. म्हणून चाळण झाल्यावर वर राहिलेले धान्य गृहिणी हाताने निवडते. आरोग्य तपासणीचेही असेच आहे. शिबिरात ज्यांच्याबद्दल शंका आली, त्यांची पुढे सविस्तर तपासणी होते आणि त्यानंतरच रोग आहे किंवा नाही हे ठरते. चाळणीत अडकलेला प्रत्येक जण रोगी नसतो आणि चाळणीतून निसटलेला प्रत्येक जण रोगमुक्त असतोच असे नाही. या एका गोष्टीचे विस्मरण झाले की अकारण भीती आणि खोटा दिलासा हे दोन्ही दोष उद्भवतात.

तेलंगणातील नेत्रतपासणी

तेलंगण शासनाने १५ ऑगस्ट २०१८ रोजी मेदक जिल्ह्यातील मल्कापूर या गावी ‘कंटि वेलुगु’ या योजनेचा प्रारंभ केला. या तेलुगू शब्दांचा अर्थ ‘डोळ्यांचा प्रकाश’ असा आहे. राज्यातील लोकांचे डोळे त्यांच्या गावातच तपासावयाचे, ज्यांना गरज आहे त्यांना विनामूल्य चष्मे द्यावयाचे आणि ज्यांना शस्त्रक्रियेची गरज आहे त्यांना पुढे पाठवावयाचे, असे तिचे स्वरूप होते. दुसरा टप्पा १८ जानेवारी २०२३ रोजी खम्मम येथे सुरू झाला. प्रत्येक टप्प्यात दीड कोटीहून अधिक लोकांचे डोळे तपासण्यात आले. हैदराबादच्या दाट वस्तीपासून आदिलाबादच्या डोंगराळ पाड्यांपर्यंत पोहोचलेली ही एक मोठी तपासणी मोहीम होती.

या मोहिमेत ज्याचा सर्वाधिक लोकांना तात्काळ लाभ झाला, तो दोष अगदी साधा आहे. चाळिशीच्या सुमारास जवळचे दिसेनासे होते. मराठीत आपण त्यालाच ‘चाळिशी लागली’ असे म्हणतो. सुईत दोरा ओवणारी शिवणकाम करणारी स्त्री, विणकर, धान्य निवडणारी गृहिणी, हजेरीपट लिहिणारा शिक्षक या सर्वांना हा त्रास होतो आणि वयच झाले असे समजून पुष्कळ जण तो मुकाट्याने सोसतात. येथे तपासणी सोपी आहे, ती जवळजवळ कधी चुकत नाही, उपाय स्वस्त आहे आणि चष्मा पुष्कळदा तेथल्या तेथेच हातात पडतो. तपासणी कोठे निःसंशय हितकारक ठरते, याचे हे उत्तम उदाहरण होय.

मोतीबिंदूच्या बाबतीत मात्र एक पाऊल पुढे जावे लागते. मोतीबिंदू शिबिरात सापडतो, परंतु तेथे बरा होत नाही. त्यासाठी शस्त्रक्रियागृह, शल्यचिकित्सक, रुग्णाला नेण्या-आणण्याची सोय आणि घरी काही दिवस सांभाळणारे माणूस हवे. वृद्ध विधवेला ‘मोतीबिंदू आहे’ अशी चिठ्ठी देऊन परत पाठविले आणि तिला दवाखान्यात नेणारे कोणी नसले, तर तपासणीपूर्वी तिच्याजवळ जेवढी दृष्टी होती तेवढीच तपासणीनंतरही राहते. वाढते ती फक्त चिंता. शिबिरात किती लोक तपासले गेले हा आकडा महत्त्वाचा आहेच, परंतु पुढे पाठविलेल्यांपैकी किती जणांवर खरोखर उपचार झाले, हा आकडा त्याहून महत्त्वाचा आहे.

ही अडचण ओळखून हैदराबाद येथे १९८७ मध्ये सुरू झालेल्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेने खेड्यांत लहान दृष्टिकेंद्रे, त्यांच्यावर तालुक्याच्या ठिकाणी शस्त्रक्रियेची सोय असलेली केंद्रे आणि त्यांच्यावर शहरातील मोठे रुग्णालय, अशी पायऱ्यापायऱ्यांची रचना उभी केली. नांदेड जिल्ह्याच्या सीमेजवळ, पूर्वीच्या आदिलाबाद जिल्ह्यातील मुधोळ येथील नेत्रकेंद्र या रचनेतील आरंभीच्या केंद्रांपैकी एक आहे. दोष शोधणारी जागा आणि दोष दूर करणारी जागा यांच्यामध्ये अंतर कमी असावे, हे या रचनेचे सूत्र आहे.

काचबिंदूने दिलेला धडा

याच संस्थेने १९९६ ते २००० या काळात तत्कालीन आंध्र प्रदेशात एक विस्तृत नेत्रपाहणी केली. हैदराबाद शहर आणि पश्चिम गोदावरी, आदिलाबाद व महबूबनगर हे तीन जिल्हे यांतील दहा हजारांहून अधिक लोक तीत सहभागी झाले. हैदराबाद शहरातील २,५२२ व्यक्तींच्या तपासणीत खुल्या कोनाच्या काचबिंदूचे २७ निश्चित रुग्ण आढळले. त्यांपैकी २५ जणांना आपल्याला हा रोग आहे याची पूर्वी कल्पनाच नव्हती. मोठ्या रुग्णालयांच्या शहरात राहूनही ही स्थिती होती.

या प्रकारच्या काचबिंदूत सहसा डोळा दुखत नाही, लालही होत नाही. डोळ्याकडून मेंदूकडे जाणाऱ्या मज्जेची हळूहळू हानी होते आणि प्रथम कडेची दृष्टी कमी होत जाते. समोरचे स्पष्ट दिसत असल्याने माणसाला काहीच जाणवत नाही. जाणवू लागते तेव्हा पुष्कळशी दृष्टी गेलेली असते आणि गेलेली दृष्टी परत येत नाही. औषधाने किंवा शस्त्रक्रियेने उरलेली दृष्टी राखता येते. अशा रोगासाठी निरोगी वाटणाऱ्या सर्व लोकांची तपासणी करावी, असे कोणालाही वाटेल.

येथेच खरी अडचण सुरू होते. काचबिंदू म्हणजे डोळ्यातील वाढलेला दाब, अशी सर्वसाधारण समजूत आहे आणि दाब मोजणे सोपे आहे. परंतु हैदराबादच्या या पाहणीत आढळलेल्या बहुसंख्य रुग्णांचा दाब नेहमीच्या मर्यादेतच होता. केवळ दाब मोजून शिबिर उरकले असते, तर त्या रुग्णांना ‘डोळे उत्तम आहेत’ असा निर्वाळा मिळाला असता आणि पुढे नजर मंदावली तरी ते निर्धास्त राहिले असते. उलट, दाब वाढलेला असूनही ज्यांना काचबिंदू होत नाही असेही लोक असतात. केवळ दाबावरून औषध सुरू केल्यास त्यांतील काहींना वर्षानुवर्षे अनावश्यक थेंब घालावे लागतात. काचबिंदू ओळखण्यासाठी डोळ्याचा आतील भाग आणि दृष्टीचे क्षेत्र तज्ज्ञाने तपासावे लागते. म्हणून सरसकट सर्वांचा केवळ दाब मोजण्यापेक्षा, चाळिशी उलटलेल्या आणि ज्यांच्या आईवडिलांना किंवा भावंडांना काचबिंदू झाला आहे अशा व्यक्तींनी पूर्ण नेत्रतपासणी करून घेणे अधिक हिताचे असते. रोग गंभीर आहे एवढ्यावरून कोणतीही तपासणी योग्य ठरत नाही. ती तपासणी तो रोग विश्वासार्हपणे ओळखणारी असावी लागते.

उस्मानाबाद जिल्ह्यातील प्रयोग

तपासणीने खरोखर प्राण वाचतात काय, या प्रश्नाचे उत्तर देणारा एक मोठा प्रयोग मराठवाड्यात झाला. पूर्वी हैदराबाद राज्यात असलेल्या उस्मानाबाद (आताचे धाराशिव) जिल्ह्यात १९९९ मध्ये, गर्भाशयमुखाच्या कर्करोगासंबंधी हे काम सुरू झाले. मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय, बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांचा त्यात सहभाग होता. ५२ ग्रामसमूहांतील ३० ते ५९ वर्षे वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रियांचे चार गट करण्यात आले. एका गटाची या रोगास कारण होणाऱ्या एचपीव्ही विषाणूची चाचणी, दुसऱ्याची पेशींची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी आणि तिसऱ्याची गर्भाशयमुखाला सौम्य ॲसिटिक आम्ल लावून प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहणी, याप्रमाणे प्रत्येकी एकदाच तपासणी झाली. चौथ्या गटाला आरोग्यशिक्षण आणि उपलब्ध सेवांची माहिती देण्यात आली.

आठ वर्षांच्या पाठपुराव्यानंतर २००९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. विषाणूचाचणीच्या गटात ३४,१२६ स्त्रिया होत्या. त्यांपैकी ३४ जणी या कर्करोगाने दगावल्या. तपासणी न झालेल्या चौथ्या गटात ३१,४८८ स्त्रिया होत्या आणि त्यांतील ६४ जणी दगावल्या. बळावलेल्या अवस्थेतील कर्करोग पहिल्या गटात ३९, तर चौथ्या गटात ८२ आढळले. म्हणजे आयुष्यात एकदा केलेल्या विषाणूचाचणीने मृत्यूंचे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आले. उरलेल्या दोन पद्धतींनी केलेल्या एकेका तपासणीने मात्र मृत्यूंत उल्लेखनीय घट दिसून आली नाही. हैदराबादजवळील मेडचल मंडळात पुढे झालेल्या एका अभ्यासातही, आम्ल लावून पाहण्याच्या पद्धतीतून अनेक दोष निसटतात आणि विषाणूचाचणी ते अधिक चांगले पकडते, असे आढळले.

असे असले तरी, साधी पद्धत निरुपयोगी आहे असे मात्र नाही. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत १९९८ पासून सुमारे दीड लाख स्त्रियांमध्ये झालेल्या दुसऱ्या प्रयोगात प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी आम्ल लावून पाहण्याची तपासणी दर दोन वर्षांनी, एकूण चार वेळा केली. बारा वर्षांनंतर पाहता, या कर्करोगाने होणारे मृत्यू सुमारे ३१ टक्क्यांनी कमी झाल्याचे आढळले. तपासणीचा गुण केवळ साधनात नसून ती किती काळजीपूर्वक, किती वेळा आणि कशा पाठपुराव्यासह होते, यावरही अवलंबून असतो, असा याचा बोध आहे.

या यशाची दुसरी बाजूही नोंदविणे योग्य होईल. उस्मानाबाद जिल्ह्यात विषाणूचाचणी झालेल्या दर दहा स्त्रियांपैकी सुमारे एकीच्या चाचणीत दोष दिसला. त्यांतील बहुतेकींना कर्करोग नव्हता. पण ‘दोष आढळला’ हे शब्द ऐकल्यापासून पुढील तपासणी पूर्ण होईपर्यंतचे दिवस त्या घरांत कसे गेले असतील, याची कल्पना करता येते. शिवाय तुलनेसाठी ठेवलेल्या गटातील स्त्रियांना तपासणीविना ठेवावे काय, यावर पुढे वैद्यकीय नीतीच्या दृष्टीने आक्षेपही घेण्यात आले. ज्ञान मिळविण्याची किंमत कोणी मोजली, हे विसरता कामा नये.

हजार माणसांचा हिशेब

तपासणीत दोष आढळलेल्यांपैकी बहुसंख्य लोक निरोगी कसे निघतात, हे एका साध्या हिशेबावरून स्पष्ट होईल. असे समजू या की, एका गावात एक हजार माणसे आहेत आणि त्यांपैकी दहा जणांना एक विशिष्ट रोग आहे. तपासणी चांगली आहे. दहा रुग्णांपैकी नऊ जणांना ती बरोबर ओळखते आणि शंभर निरोगी माणसांपैकी फक्त पाच जणांच्या बाबतीत चुकते. आता, ९९० निरोगी माणसांमधील पाच टक्के म्हणजे जवळजवळ ५० माणसे चुकीने रोगी ठरतील. खरे रुग्ण ९ सापडतील. म्हणजे ज्या ५९ जणांच्या हाती ‘शंका आहे’ अशी चिठ्ठी पडेल, त्यांपैकी ५० जण निरोगीच असतील. आणि एक खरा रुग्ण ‘ठीक आहे’ असे ऐकून घरी जाईल.

रोग जितका विरळ, तितके हे प्रमाण अधिक बिघडते. हजारात दहाऐवजी एकच रुग्ण असेल, तर त्या एकाला शोधताना सुमारे ५० निरोगी माणसांना भीती, प्रवास, बुडालेली मजुरी आणि पुढील तपासण्यांचा खर्च सोसावा लागेल. काही वेळा या पुढील तपासण्याही निरुपद्रवी नसतात. अवयवाचा तुकडा काढून पाहणे, रंगद्रव्य टोचून छायाचित्र घेणे यांत थोडा का होईना धोका असतो. म्हणून जो रोग समाजात पुरेशा प्रमाणात आढळतो, किंवा ज्या गटात तो अधिक आढळतो, तेथेच तपासणी करणे शहाणपणाचे असते.

लवकर कळणे आणि अधिक जगणे

आणखी एक भ्रम मोठा फसवा आहे. मनमाडहून सिकंदराबादकडे रात्रीच्या गाडीने दोन प्रवासी निघाले आहेत, असे समजू या. एक नांदेडला जागा झाला, दुसरा निजामाबादला. पहिल्याला राहिलेला प्रवास लांब वाटला, दुसऱ्याला थोडा. परंतु गाडी दोघांनाही एकाच वेळी सिकंदराबादला पोहोचविते. तपासणीमुळे रोग दोन वर्षे आधी कळला आणि उपचारांनी त्याची वाटचाल बदलली नाही, तर रुग्ण रोगाच्या जाणिवेसह दोन वर्षे अधिक काढतो, त्याचे आयुष्य वाढत नाही. म्हणून ‘तपासणीत सापडलेले रुग्ण निदानानंतर अधिक वर्षे जगतात’ एवढे विधान पुरेसे नसते. तपासणी झालेल्या संपूर्ण गटात मृत्यू कमी झाले काय, हे पाहावे लागते. उस्मानाबाद येथील प्रयोगाचे मोल यातच आहे.

काही रोग तर असे असतात की, ते सापडले नसते तरी माणसाला आयुष्यभर त्यांचा उपद्रव झाला नसता. दक्षिण कोरियात निरोगी लोकांच्या गळ्याची ध्वनिलहरींच्या साहाय्याने तपासणी करण्याची प्रथा वाढली. परिणामी १९९३ च्या तुलनेत २०११ मध्ये थायरॉईड ग्रंथीच्या कर्करोगाची नोंद सुमारे पंधरा पट झाली. परंतु या रोगाने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण बदलले नाही. अर्थात सापडलेल्या गाठींपैकी बहुसंख्य गाठी निरुपद्रवी होत्या. तरीही हजारो लोकांची ग्रंथी काढण्यात आली, त्यांना आयुष्यभर गोळ्या घ्याव्या लागल्या आणि काहींच्या आवाजावर परिणाम झाला. जपानमध्येही तान्ह्या बालकांच्या मूत्राची तपासणी करून मज्जापेशींच्या एका कर्करोगाचा शोध घेण्याची देशव्यापी योजना होती. तीत सापडणाऱ्या अनेक गाठी आपोआप विरून जाणाऱ्या असतात आणि मृत्यूही कमी होत नाहीत, असे दिसून आल्यावर २००४ मध्ये ती बंद करण्यात आली. सुरू केलेली योजना पुराव्याच्या आधारे थांबविणे, हेही सुशासनच होय.

शहरांतील ‘संपूर्ण तपासणी’

हैदराबाद, पुणे, मुंबई यांसारख्या शहरांत आता ‘संपूर्ण शरीर तपासणी’च्या जाहिराती सर्वत्र दिसतात. एकाच रक्तनमुन्यातून साठ-सत्तर घटक मोजून देण्याचे आश्वासन त्यांत असते. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. पुष्कळ घटकांच्या ‘नेहमीच्या मर्यादा’ अशा आखलेल्या असतात की, निरोगी माणसांपैकीही सुमारे पाच टक्के लोक त्या मर्यादेबाहेर पडतात. साहजिकच, जितके घटक अधिक मोजावे, तितकी एखादा आकडा लाल अक्षरांत छापून येण्याची शक्यता अधिक. मग त्या आकड्याचा पाठपुरावा सुरू होतो.

सर्वसाधारण आरोग्य तपासण्यांचा अभ्यास करणाऱ्या १७ प्रयोगांचा एकत्रित आढावा २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. अडीच लाखांहून अधिक लोकांचा त्यांत समावेश होता. अशा तपासण्यांमुळे एकूण मृत्यूंत घट झाल्याचे त्यात आढळले नाही. हे प्रयोग युरोप-अमेरिकेतील होते आणि तेथे लोकांचा डॉक्टरांशी संबंध एरवीही नियमित असतो, हे लक्षात घ्यावयास हवे. आपल्या खेड्यांत अनेकांचा रक्तदाब कित्येक वर्षांत एकदाही मोजला गेलेला नसतो. त्यामुळे रक्तदाब आणि मधुमेह यांची साधी तपासणी आपल्याकडे आवश्यकच आहे. दोन्ही सामान्य रोग आहेत, दोन्ही दीर्घकाळ लपून राहतात आणि दोन्हींवरील औषधे शासकीय आरोग्य केंद्रांत मिळतात. मात्र एकाच मोजणीवरून रक्तदाबाचा शिक्का मारू नये. शिबिराला घाईने चालत आलेल्या माणसाचा दाब वाढलेला दिसू शकतो. स्वस्थ बसवून, पुन्हा दुसऱ्या दिवशी मोजून मगच निर्णय घ्यावा.

सिकलसेल आणि समाजाची दृष्टी

तपासणीचा अपाय नेहमी शारीरिकच असतो असे नाही. सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक रोग गडचिरोली, चंद्रपूर, नंदुरबार आणि लगतच्या आदिलाबाद भागातील आदिवासी समाजात आढळतो. १ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय अभियानात आदिवासीबहुल भागांतील चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी व्यक्तींच्या तपासणीचे उद्दिष्ट ठेवण्यात आले. रुग्ण बालक लवकर ओळखले गेले तर जंतुसंसर्गापासून त्याचे रक्षण करता येते आणि योग्य औषधांनी त्याच्या वेदना कमी करता येतात. हा लाभ मोठा आहे.

परंतु या तपासणीत रुग्णांबरोबर ‘वाहक’ही सापडतात. वाहक हा सामान्यतः निरोगी असतो, त्याला उपचारांची गरज नसते. दोन वाहकांचा विवाह झाल्यास प्रत्येक गर्भधारणेत बालकाला हा रोग होण्याची शक्यता चारात एक असते, एवढाच या माहितीचा उपयोग. पहिली सोपी चाचणी रुग्ण आणि वाहक यांत भेद करू शकत नाही, त्यासाठी दुसरी चाचणी लागते. हे नीट समजावून न सांगता नावे चावडीवर किंवा वर्गात वाचून दाखविली, तर एखाद्या निरोगी मुलीचे लग्न मोडते आणि दोष तिच्याच माथी येतो. तपासणीचा अहवाल हा त्या व्यक्तीचा असतो, गावाचा नव्हे.

तपासणीपूर्वीच्या कसोट्या

जागतिक आरोग्य संघटनेने १९६८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात विल्सन आणि युंग्नर या दोन तज्ज्ञांनी अशा तपासण्यांसाठी दहा कसोट्या सांगितल्या. त्या आजही प्रमाण मानल्या जातात. त्यांचे सार थोडक्यात असे सांगता येईल.

रोग समाजाच्या दृष्टीने महत्त्वाचा असावा. लक्षणे दिसण्यापूर्वीची त्याची अवस्था ओळखता येण्याजोगी असावी. चाचणी विश्वासार्ह आणि लोकांना मान्य होणारी असावी. रोगावर सर्वमान्य उपचार असावा. निदानाची आणि उपचारांची सोय उपलब्ध असावी. रुग्ण कोणास म्हणावयाचे हे आधी ठरलेले असावे. खर्च एकूण आरोग्यखर्चाशी सुसंगत असावा. आणि शोधाचे काम एकदाच करून न थांबता सातत्याने चालावे.

या कसोट्यांवर घासून पाहिले असता, चाळिशीच्या चष्म्याची तपासणी, रक्तदाब व मधुमेह यांची तपासणी, तंबाखू खाणाऱ्यांच्या तोंडाची तपासणी आणि तिशीवरील स्त्रियांच्या गर्भाशयमुखाची तपासणी या आपल्या परिस्थितीत उपयुक्त ठरतात. केवळ डोळ्यातील दाब मोजून काचबिंदू शोधणे किंवा निरोगी माणसाच्या गळ्याची ध्वनिलहरींनी तपासणी करणे त्यांत बसत नाही.

कोणी काय करावे

ग्रामस्थांनी तपासणीस जरूर जावे, परंतु जाण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत : ही तपासणी कोणत्या रोगासाठी आहे? दोष आढळल्यास पुढे कोठे जावयाचे आणि खर्च कोण करणार? दोष आढळला नाही, तर पुन्हा केव्हा तपासावयाचे? दोष आढळल्यास घाबरून जाऊ नये आणि चिठ्ठी फाडूनही टाकू नये. पुढील तपासणी पूर्ण करावी. उलट, शिबिरात ‘सर्व ठीक’ असे सांगितले गेले असले तरी नंतर काही त्रास जाणवल्यास त्या निर्वाळ्यावर विसंबून राहू नये. तंबाखू सोडणे, मीठ बेताने खाणे, अंगमेहनत ठेवणे यांना तपासणी हा पर्याय नाही.

अधिकाऱ्यांनी शिबिराचा दिनांक ठरविण्यापूर्वी पुढील रुग्णालयाशी बोलणी पूर्ण करावीत. तेथे महिन्याला किती शस्त्रक्रिया होऊ शकतात, औषधांचा साठा किती आहे, हे पाहून तपासणीचा वेग ठरवावा. अहवालात तपासलेल्यांच्या संख्येबरोबर, पुढे पाठविलेले किती, प्रत्यक्ष पोहोचलेले किती, निदान पक्के झालेले किती आणि उपचार पूर्ण झालेले किती, असे चार रकाने असावेत. शेवटचा रकाना रिकामा राहत असेल, तर पहिल्या रकान्यातील मोठ्या आकड्याचा अभिमान बाळगण्याचे कारण नाही.

शिक्षकांचे स्थान या कामी विशेष आहे. फळ्यावरचे न दिसणारा मुलगा ‘ढ’ म्हणून मागे बसविला जातो आणि एका चष्म्याने तो पुढे येतो, हे अनेक शिक्षकांनी पाहिले असेल. मात्र तपासणीत दोष निघालेल्या बालकाला वर्गात वेगळे पाडले जाणार नाही, त्याच्या आजाराची चर्चा होणार नाही आणि पालकांपर्यंत योग्य शब्दांत निरोप पोहोचेल, याची काळजी शिक्षकच घेऊ शकतात.

निरोगी माणसाला तपासणीस बोलावणे म्हणजे त्याला एक वचन देणे आहे. दोष सापडला तर तो निवारण्याची वाट दाखवू आणि नसलेला दोष त्याच्या माथी मारणार नाही, असे ते वचन आहे. हैदराबादच्या दृष्टिकेंद्रांत आणि उस्मानाबादच्या गावांत जेथे हे वचन पाळले गेले, तेथे लोकांना दृष्टी मिळाली, मृत्यू टळले. जेथे ते पाळण्याची तयारी नसेल, तेथे प्रथम ती तयारी करावी आणि मगच दवंडी पिटावी.